शेळीच्या नावाची पुडी

माझ्या पेन्शनच्या कागदावर हुद्दा 'वनरक्षक' असा आहे. तो खोटा नाही. पण त्या नोकरीतली जवळपास दोन वर्षं मी जे काम केलं, त्याला सरकारदरबारी नाव नाही. ती दोन वर्षं मी वाघाचा गू गोळा करत होतो. दिवाळी अंकात पहिल्याच परिच्छेदात हा शब्द आल्याबद्दल संपादक मला माफ करतील. वाचकांनी मात्र फराळाचं ताट जरा बाजूला सरकवून ठेवावं, कारण तो शब्द पुढेही येणार आहे.

मी जुन्नरचा. आमचं आडनाव कागदी. पणजोबांच्या वेळेपर्यंत घरात हातकागद व्हायचा. पुढे गिरणीचा कागद आला, धंदा बसला आणि आडनाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. मी सातवी पास होऊन जंगलखात्यात लागलो. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. घोडेगावहून शिनोली, आणि शिनोलीवरून पुढे भीमाशंकरच्या अंगाला जो डोंगर चढत जातो, त्याचा एक तुकडा माझ्या ताब्यात होता.

फॉरेस्ट गार्ड म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. झाडांवर नजर ठेवायची असं लोक समजतात. प्रत्यक्षात माणसांवर ठेवायची असते. मी डोंगरातल्या वाडीत शिरलो की आधी कोंबड्या ओरडायच्या, मग कुणीतरी घाईघाईने आत जाऊन काहीबाही झाकून यायचं. कुऱ्हाड, तोडलेली फांदी, कधी मधाचं पोळं. मग मला ओट्यावर घोंगडी टाकून बसवायचे आणि गुळाचा कोरा चहा द्यायचे. सगळे हसून बोलायचे. त्या हसण्याला मी बरीच वर्षं मान समजत होतो.

आमच्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्ट्याचा वाघ असा इथे कुणी पाहिलेला नव्हता. म्हाताऱ्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेला, एवढाच. तेव्हा या लेखात वाघीण म्हटलं की बिबट्याची मादी समजावी. माझ्या हद्दीत अशी एक होती. तिच्या पुढच्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं, त्यामुळे तिचा माग आंधळ्यालाही ओळखू आला असता. डोंगराच्या धारेवरून जी पायवाट जाते तिच्यावरून ती पोस्टमनसारखी ठरलेल्या फेऱ्या मारायची.

त्या वर्षी खालच्या गावांतून अर्ज गेले. वाघीण वासरं नेते, शेळ्या नेते, तिला मारायचा परवाना द्यावा. कचेरीत अर्ज पडून होते. नेमके त्याच सुमारास मुंबईच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आमच्या डोंगरात काम करायला आले. मोठी जनावरं काय खाऊन जगतात, याचा त्यांचा अभ्यास होता. वरच्या साहेबांनी विचार केला की बरंच झालं, यांनाच विचारू. वाघीण जंगलातलं खाऊन जगत असेल तर राहू द्यावी. गावातलं खाऊन जगत असेल तर परवाना द्यावा. एका जनावराचा जीव अशा रीतीने त्या प्राध्यापकांच्या हातात आला, आणि त्यांच्या हाताखाली दिलेला माणूस मी होतो.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते पीएच.डी. होते म्हणून खात्यात त्यांना डॉक्टर म्हणत. ही गोष्ट वाड्यांवर पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, ते उतरले होते त्या जंगलखात्याच्या बंगल्याच्या पायरीवर एक दुखरी दाढ, दोन खोकले आणि एक खरजेचा बैल असे येऊन बसले. डॉक्टरांनी मी तसला डॉक्टर नाही म्हणून परोपरीने सांगितलं. मग कसले डॉक्टर, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, वाघाच्या पोटाचे. यावर सगळ्यांचं समाधान झालं आणि बैलवाला तेवढा बसून राहिला.

कामाची रीत अशी. वाघाची विष्ठा वाटेच्या मधोमध किंवा एखाद्या दगडावर पडलेली असते. कुत्र्याच्या विष्ठेपेक्षा जाड, पीळ पडलेली, आणि जुनी झाली की खडूसारखी पांढरी. आत केस असतात, कारण मांस पचतं, केस पचत नाहीत. ती उचलून कागदात बांधायची, वर जागा आणि तारीख लिहायची, जवळ तुटक्या बोटाचा माग दिसला तर तशी खूण करायची. बंगल्यावर आणून गरम पाण्यात भिजवायची, चहाच्या गाळणीत धुवायची, उन्हात वाळवायची. मग त्यातला एकेक केस डॉक्टर काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. केसाच्या आत गाभा असतो. कुणाचा रुंद, कुणाचा अरुंद, कुणाचा तुटक. माणसांच्या सह्या जशा वेगवेगळ्या, तसे जनावरांचे केस.

माझ्या बायकोचं म्हणणं असं की, लोकांचे नवरे जंगलातून मध आणतात, करवंदं आणतात, हिरडा आणतात. तिने मला घरात घेण्याआधी विहिरीवर पाठवायची शिस्त लावली. घरातली चहाची गाळणी तिने कुलपात ठेवली, म्हणून नारायणगावच्या बाजारातून खास डझनभर गाळण्या आणाव्या लागल्या. दुकानदार मला म्हणाला, हॉटेल टाकताय का.

गाळण्या मिळाल्या, पण खरी अडचण पुढे होती. विष्ठेतला केस कुणाचा हे ओळखायचं, तर आधी प्रत्येक जनावराचा खात्रीचा केस जवळ हवा. त्याच्याशी ताडून बघायचं. सांबर, रानडुक्कर, वानर, साळिंदर यांचे केस डॉक्टरांनी मुंबईहून आणले होते. भेकराचे नव्हते. भेकर म्हणजे शेळीएवढं तांबूस हरीण, माणसाची चाहूल लागली की कुत्र्यासारखं भुंकतं. मुंबईला पत्र गेलं, केस काही वेळेत आले नाहीत. माझ्या रजिस्टरात तर भेकर 'क्वचित' असंच लिहिलेलं होतं, आणि ते मीच आदल्या गार्डच्या रजिस्टरातून उतरवून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, क्वचित आहे तर तूर्त अडणार नाही.

गावच्या जनावरांचे केस मात्र गावातूनच घ्यायचे होते. गाय, कुत्रा, शेळी. खालच्या गावांतून मी ते आणले. मग वरच्या वाडीत गेलो.

वरची वाडी म्हणजे महादेव कोळ्यांची दहा-बारा घरं. वाघिणीची वाट वाडीच्या डोक्यावरूनच जायची. वाडीच्या वेशीशी शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता आणि दिवाळीच्या आधी, वाघबारशीला, त्याच्यापुढे नारळ फुटायचा. तिथे ठकूबाई नावाची विधवा बाई होती. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पाच-सहा शेळ्यांवर तिचं घर चालायचं आणि वाडीत तिच्या शब्दाला वजन होतं. मी तिला मावशी म्हणायचो.

मी ओट्यावर बसलो आणि सरकारी कामासाठी प्रत्येक घरातून एका शेळीचे थोडे केस पाहिजेत, असं सांगितलं. मुळासकट उपटलेले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ठकूबाईने विचारलं, "कशापायी वं कागदीभाऊ?" मी म्हणालो, तुमची वाघीण शेळ्या खाते की नाही ते बघायचंय. तिने सरळ सांगितलं, "आमच्या न्हाई नेत ती. कवाच न्हाई नेल्या." बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी हसलो. ज्यांच्या दारात वाघोबा, ते वाघावर आळ कसा घेतील, असं माझ्या मनात आलं. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं.

मी चहा पीत बसलो. ठकूबाई आत गेली. मग एकेक घर करत बायका आल्या आणि माझ्या हातात पानात बांधलेल्या पुड्या ठेवून गेल्या. शेळ्या असलेल्या सहा घरांच्या सहा पुड्या झाल्या. केस तांबूस होते. वाडीत काळ्या, पांढऱ्या, बांड्या अशा सगळ्या रंगांच्या शेळ्या चरत होत्या, पण मला वाटलं यांनी तांबड्याच तेवढ्या पुढे केल्या असतील. उठून गोठ्यात जाऊन स्वतःच्या हाताने केस उपटायला मला दहा मिनिटं लागली असती. पण ओट्यावर सावली होती, आणि गार्डने गोठ्यात शिरावं हे मला कमीपणाचंही वाटत होतं. कागदाच्या पुड्या केल्या, वर झोकात अक्षर काढलं : 'शेळी, वरची वाडी'.

इथे एक गोष्ट कबूल करतो. माझी आई घरात कुणी केस कापले, नखं काढली की ती गोळा करून जमिनीत पुरायची. कुणाच्या हाती लागली तर करणी होते, असं तिचं म्हणणं. लहानपणी नख इकडेतिकडे टाकलं म्हणून मी तिच्या हातचा मार खाल्लेला आहे. कुणाकडे त्याच्या जनावराचे केस मागायला जाताना मला ते आठवायला हवं होतं. खाकी अंगावर चढली की माणूस आईच्या हातचा मारसुद्धा विसरतो.

डॉक्टरांनी पुड्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले, "कागदी, खालच्या गावांतल्या शेळ्यांपेक्षा या वाडीच्या शेळ्यांचे केस फारच वेगळे दिसतात. गाभा खूप रुंद आहे. सहाही पुड्यांत तसंच. हे कसं?"

आता मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वर्षभर साहेबांबरोबर राहून मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो होतो. मी म्हणालो, "डोंगरातली जात आहे साहेब. तिचा केस तसाच असतो."

त्यांनी सहा पुड्या पुन्हा पाहिल्या, सगळ्या सारख्या, आणि मान डोलवली. सहा घरं एकसारखं खोटं कसं देतील, असा त्यांचा हिशेब असणार. माणूस मोठा प्रामाणिक. त्यांना फक्त हे ठाऊक नव्हतं की आमच्याकडे सरकारी माणसाला सगळी वाडी एकाच घरातून चहा पाजते.

पुढचं सरळ झालं. वाघिणीच्या विष्ठेत थोडी वानरं निघाली, थोडी साळिंदरं, वासराचा केस एखाददुसऱ्या पुडीत, आणि बाकी जिकडेतिकडे तो रुंद गाभ्याचा तांबूस केस. म्हणजे शेळी. डॉक्टरांनी दुःखी मनाने अहवाल लिहिला. मला आठवतं, लिहिताना ते म्हणाले होते की, या जनावराच्या बाजूने लिहायला आलो होतो. पण जे दिसलं ते लिहिलं पाहिजे. परवाना निघाला.

मारायला आले ते माझेच मामू, करीममामू. जुन्नरला बंदुका दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं आणि हातही नेमबाजाचा. शिकारीची हौस असलेला माणूस नव्हे. परवाना असला की काम करायचे, नाहीतर नळ्या घासत बसायचे. मचाणावर चढण्याआधी त्यांनी मला विचारलं, "भांज्या, कागद पक्का आहे ना? हिनंच खाल्लंय ना सगळं?" मी म्हणालो, पक्का. दिवेलागणीला गोळी सुटली. एकच.

सकाळी वाडीतली माणसं खाली आली नाहीत. खालच्या गावचे आले, कुणीतरी पेढेही आणले. वाघीण पडलेली पाहिली तेव्हा ती मला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान होती. तुटक्या बोटाचा पाय मी हातात घेऊन पाहिला. दोन वर्षं ज्याच्या मागे चाललो तो पाय.

डॉक्टर तेव्हा मुंबईला होते. त्यांनी लिहून ठेवलं होतं, वाघीण मारली गेलीच तर पोटात काय आहे ते बघून ठेवा. करीममामूंनी कातडं काढलं, मी पोट फाडलं. आत तांबूस केसांचा लगदा होता, तोच. मी मनात म्हणालो, बघा, शेळी. आणि मग हाताला खूर लागले. एक नाही, दोन. काळे, निमुळते, टोकदार. शेळीचा खूर बोथट असतो, दगडावर चालून झिजलेला. हे कुठल्याही गुराख्याला कळतं आणि मलाही कळत होतं. लगद्यात आणखी हात घातला तर एक बोटभर शिंग निघालं, मुळाशी केसाळ कातडी धरलेलं. असं शिंग फक्त भेकराला असतं.

करीममामू माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात धुतले आणि बंदूक न घेताच खाली निघून गेले. त्यानंतर त्यांनी आयुष्यात परवान्याचं काम घेतलं नाही, आणि मला भांज्या म्हणून हाक मारायला त्यांना वर्ष लागलं.

मी वासराचंही सांगून टाकतो. वाघीण गेल्यावरही खालच्या गावांतली वासरं अधूनमधून जातच राहिली. ती कोण नेत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांनी पुढे छापलेल्या निबंधात सगळी दुरुस्ती केली, शेळीचा रकाना लहान झाला, भेकराचा नवा रकाना आला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. चूक स्वतःच्या नावावर लिहिली. अभ्यास दुरुस्त करता येतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पोट फाडल्यावर मी अंगावरचे कपडे न बदलता तसाच वरच्या वाडीत चढलो. खिशात बंगल्यावरून उचललेली, 'शेळी, वरची वाडी' लिहिलेली पुडी होती. डोकं तापलेलं होतं. सरकारला फसवलंत, तुमच्यामुळे जनावर गेलं, असं बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो.

ठकूबाई जात्याशी बसली होती. या वेळी तिने आत जाऊन काही झाकलं नाही. जात्याखाली पीठ सांडू नये म्हणून कातडं पसरलेलं होतं. तांबूस. कडेचे केस उपटून उपटून तिथे टक्कल पडलं होतं. मी पुडी तिच्यापुढे टाकली.

ती म्हणाली, "व्हय. भेकराचंच हाय त्ये. धन्यानं मारल्यालं, लई सालं झाली. समद्या घरांना म्याच दिलं."

मी विचारलं, का. मला वाटलं होतं माझा आवाज चढेल, तो चढला नाही.

"जित्या जनावराचं केस परक्याच्या हाती कसं द्यायचं, भाऊ? त्याचं बरंवाईट झालं मंजी? आन तुमी सरकारी. तुमाला न्हाई बी म्हनता येत न्हाई. मंग म्हनलं, मेल्याल्या जनावराला कशाची करनी?"

माझ्या आईने हेच केलं असतं. मी ओट्यावर बसलो. चहा आला नाही. तिने विचारलं, "मंजी त्या केसांपायी तिला मारली?"

हो म्हणणं सोपं होतं. तोंडात आलंही होतं. मी म्हणालो, "नाही मावशी. साहेबांना शंका आली होती. त्यांनी मला विचारलं, हे केस वेगळे कसे. मला ठाऊक नव्हतं, तरी मी सांगितलं की डोंगरातली जात आहे. तिथे ती मेली." हे बोलताना मला रडू आलं. ते लपवायला तिथे जागा नव्हती आणि मी लपवलंही नाही.

ठकूबाई उठली, गोठ्यात गेली आणि एका काळ्या शेळीला कानाला धरून बाहेर घेऊन आली. शेळी गाभण होती, पोट खाली आलं होतं. तिला गुडघ्यांत दाबून धरून ती म्हणाली, "घ्या. आता तुमच्या हातानं उपटा. आन त्या सायबाला दावा, आमची शेळी कशी असती ती."

मी म्हणालो, आता गरज नाही, खालच्या गावचे केस आहेत. आणि ही तर गाभण आहे.

"उपटा," ती म्हणाली. तिने शेळीची मान दोन्ही हातांनी कवटाळून धरली होती. ती घाबरलेली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या हातात केस गेले की ही शेळी, तिच्या पोटातलं करडू, दोन्ही गेली, असंच ती मानत होती. तरी तिने शेळीला सोडलं नाही.

मी पाठीवरचे चार केस उपटले. शेळी ओरडली. ठकूबाईने डोळे मिटून तोंडातल्या तोंडात वाघोबाचं नाव घेतलं. मी पुडी केली, पेन्सिल काढली आणि लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी वाचून दाखवलं : शेळी, काळी, गाभण, ठकूबाईच्या घरची.

तिने शेळीच्या पोटावरून हात फिरवला.

"जिती हाय," ती म्हणाली. "त्ये बी लिवा."

मी लिहिलं.